नमुना आपल्याच पोत्यातला

परभणी

प्रिय लेकी,

तुझ्या हळदीच्या पाऊचचं डिझाईन काल रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिलं. अक्षर छान बसलंय, वसमतचं नाव ठळक आहे, त्याचा आनंद झाला. पण मधोमध जो फोटो आहे, त्यावर माझी नजर अडकली. लाकडी वाटीत पिवळीधमक पूड, बाजूला ओल्या हळदीच्या केशरी चकत्या, खाली पांढरा संगमरवर. ही हळद कुणाच्या शेतातली? तुमच्याकडे ओल्या चकत्या कोण विकतं? तुमची हळद वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये शिजते, दहा-पंधरा दिवस उन्हात वाळते, ड्रममध्ये पॉलिश होते आणि मग हळकुंड होऊन मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, जाते. या फोटोत त्यातलं काहीच नाही.

तू विचारलंस, स्टॉक फोटोंचं, म्हणजे कुणालाही वापरायला मिळणाऱ्या तयार फोटोंचं, वर्षाचं पॅकेज घ्यावं की फोटोग्राफर बोलवावा. लहानपणी बाबांबरोबर मोंढ्यात जायचीस, तेव्हाचं आठव. व्यापारी पोत्यात हात घालून मूठभर हळकुंडं काढतो. त्यातलं एक बोटांत धरून कडकन मोडतो. आवाज कोरडा आला तर माल नीट वाळलाय. मग तुटलेली बाजू उजेडाकडे धरून आतला रंग बघतो, नखानं जरा खरवडतो, नाकाशी नेतो. भाव त्यानंतर. शेजारच्याच्या पोत्यातला नमुना दाखवून आपला माल विकायचं तिथं कुणाच्या मनातही येत नाही. पुण्यातल्या बाईला तुझ्या पोत्यात हात घालता येत नाही. तिच्यासाठी फोटो हाच नमुना. म्हणून जी वस्तू गिऱ्हाईक पैसे मोजून घरी नेणार, तिचा फोटो आपलाच हवा. पूड, हळकुंड, शेत, काम करणारी माणसं, सगळं आपलं.

बाकी ठिकाणी स्टॉक खुशाल वापर. हळदीच्या दुधाची कृती टाकायची आहे, कपाचा फोटो हवाय, संक्रांतीच्या शुभेच्छांना मागं तिळगूळ हवाय, त्यासाठी कुणी फोटोग्राफर बोलवत नाही. स्टॉकला मी नावं ठेवत नाही, त्याच्यावर माझ्या प्रेसचे कितीतरी दिवस निभावले आहेत.

पण एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. तेव्हा फोटो सीडीवर मिळायचे. मसाल्याच्या एका दुकानासाठी मी लाल मिरच्यांच्या ढिगाचा फोटो घेऊन लेबल छापलं. चार-पाच महिन्यांनी ते गृहस्थ आले, दोन पाकिटं माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि काही न बोलता उभे राहिले. एक त्यांचं, दुसरं त्याच बाजारातल्या दुसऱ्या दुकानाचं. मिरच्या त्याच. वरच्या मिरचीचं वाकडं देठसुद्धा तेच. सीडी विकत घेतलेली होती, कायद्यानं आम्ही कुठं चुकलो नव्हतो. तरी दोन महिने त्यांना गिऱ्हाइकं विचारत होती, ‘दोन्ही माल एकाच गिरणीचा का?’ हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. 2004 साली अमेरिकेत डेल आणि गेटवे या एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दोन संगणक कंपन्यांच्या जाहिरातींत एकाच शूटमधली एकच मुलगी झळकली होती. स्टॉक फोटो तुला मिळतो तसा दुसऱ्यालाही मिळतो, ते त्याच्या परवान्यातच असतं.

आणखी एक गोष्ट, कारण तुझ्या वयाची बरीच मुलं इथं फसतात. गूगलवर शोधून उतरवून घेतलेला फोटो म्हणजे स्टॉक नव्हे, तो कुणाचा तरी माल आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानं आपल्याकडे फोटोवरचा हक्क फोटो काढणाऱ्याच्या हयातभर आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. ‘सगळेच वापरतात’ हे उत्तर नोटिशीला चालत नाही. फुकट हवे असतील तर अनस्प्लॅश, पेक्सेल्स, पिक्साबे आहेत, तिथले फोटो धंद्यासाठी वापरता येतात. विकतचा घेतलास तर ‘फक्त संपादकीय वापरासाठी’, म्हणजे बातमी-लेखापुरता, असं लिहिलेला जाहिरातीत घालू नकोस. आणि लोगोत स्टॉकचं चित्र कधीच नको, नेहमीच्या परवान्यात ते बसत नाही आणि उद्या ट्रेडमार्क करायला गेलीस की अडशील.

आता खरं काम. हळदीचा हंगाम वर्षातून एकदाच येतो, हे तुला मी सांगायला नको, पण फोटोच्या हिशेबानं तू कधी त्याचा विचार केला नसशील. कुकर जानेवारी ते मार्च चालतात. तेव्हाची वाफ, वाळवणाचं पिवळं पटांगण, पॉलिशच्या ड्रमचा उडणारा भुसा, हे एप्रिलनंतर शोधून सापडत नाही. पुढचं अख्खं वर्ष पुरतील एवढे फोटो त्या हंगामातच काढून ठेव. ऑगस्टमधल्या हिरव्यागार पानांसाठी एक चक्कर वेगळी. लग्नाचे फोटो काढणारी मुलं नांदेडला, वसमतला भरपूर आहेत आणि त्यांचा हात चांगला असतो, पण लग्नसराईही त्याच दिवसांत. पंचांग बघून बिनमुहूर्ताचा दिवस धर, आणि आत्ताच सांगून ठेव. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणारा असतो. तरीही चार ओळींचा कागद कर आणि मूळ फाइली मागून घे. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या फोटोसारख्या आलेल्या नकोत, छपाईत फुटतात. पेनड्राइव्हवर आण.

पिवळा रंग कॅमेऱ्याला फसवतो. सगळी चौकट पिवळी भरली की मोबाइल आपल्या मनानं तो पिवळेपणा कमी करायला जातो आणि हळद मळकी दिसते. पहिल्या फोटोत वाळवणावर एक पांढरा कागद ठेव, त्यावरून रंग नंतर जुळवता येतो. ट्यूबलाइटखाली काढूच नकोस, रंग हिरवट येतो. सकाळी आठच्या सुमाराचं तिरपं ऊन घे, हळकुंडाच्या सुरकुत्या त्यात उठून दिसतात. आणि फोन हातात आला की रंग भडक करायचा मोह होईल, तो आवर. हळदीत मेटॅनिल यलो, लेड क्रोमेट असले रंग मिसळणारे लोक आहेत आणि जाणत्या गिऱ्हाइकाला हे ठाऊक आहे. नको तेवढा पिवळा फोटो पाहिला की त्याला पहिली शंका तीच येते. मोडलेल्या हळकुंडाचा एक फोटो अगदी जवळून, बाबांच्याच हातात. त्या हाताला हळद लागलेली असू दे, बोटं धुवायला लावू नकोस.

बायकांचं मात्र जपून. वाळवणावर हळद पसरणाऱ्या, निवडणाऱ्या ज्या आहेत, त्यांचे चेहरे पाकिटावर जाणार असतील तर आधी विचार. स्टॉकच्या फोटोला मॉडेलची लेखी संमती बहुतेक जोडलेलीच असते, इथं ती तूच घ्यायची. मराठीत लिही, मोठ्यानं वाचून दाखव, फोटो कुठं कुठं वापरणार ते सांग, आणि जेवढा वेळ घेशील त्याची मजुरी दे. नको म्हणाली तर तिथंच विषय संपव. नवी लुगडी नेसवून उभ्या करू नकोस, त्या रोज जशा दिसतात तशाच दिसू देत. मला या मुद्द्यावर राग येतो, कारण मजूर बाईचा चेहरा वर्षानुवर्षं पोत्यावर छापलेला मी पाहिलाय आणि तिला त्याची खबरही नव्हती.

पाऊचबद्दल माझं मत तुला कदाचित पटणार नाही. त्यावर फोटोच नको. ग्रॅव्ह्युअर छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो, फोटो बदलावासा वाटला की सगळे नवे करावे लागतात. त्यापेक्षा हळकुंडाच्या पाऊचला पारदर्शक खिडकी ठेव, माल दिसू दे. पुडीचं वेगळं, उजेडानं तिचा रंग उतरतो, तिचा पाऊच बंदच हवा. तिच्यावर मोडलेल्या हळकुंडाचं साधं रेखाचित्र दे, एका रंगात. फोटो वेबसाइटवर, कॅटलॉगवर, स्टॉलच्या बॅनरवर. तिथं बदलायला एवढा खर्च नाही.

वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन (जीआय) आहे म्हणून तो शिक्का पाकिटावर आपोआप येत नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, ती बाबांच्या नावानं झाली आहे का ते छपाईआधी बघ.

तोवर त्या संगमरवराच्या डिझाईनला होकार देऊ नकोस. तुमचा कुकर कोणत्या तारखेला लागणार ते कळव. सकाळच्या एसटीनं येतो, पांढरा कागद मी आणतो.

तुझा,
काका