ग्रीन आयरिश ट्वीडऐवजी कूल वॉटर चालेल का?

मुंबईच्या उन्हाळ्यात रोज कार्यालयात लावण्यासाठी क्रीड या कंपनीचे ग्रीन आयरिश ट्वीड हे महागडे परफ्यूम घ्यावे, की त्याचा स्वस्त पर्याय म्हणून सांगितले जाणारे डेव्हिडॉफचे कूल वॉटर पुरेल, असे आपण विचारले आहे. मी दोन्ही बरेच उन्हाळे वापरली आहेत आणि रोजच्या वापरासाठी कूल वॉटरच घ्यावे असे माझे मत आहे. मात्र दोन्हींचा वास सारखाच आहे, असे समजून ते घेऊ नये.

कूल वॉटरला नक्कल म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ट्वीड १९८५ सालचे आणि कूल वॉटर १९८८ सालचे. कूल वॉटर पियेर बूर्दों या परफ्यूमकारांनी घडवले आणि ट्वीडमागेही त्यांचाच हात होता, असे या क्षेत्रात मानले जाते. क्रीड मात्र श्रेय आपल्या घराण्याकडेच ठेवते. दोन्हींमध्ये डायहायड्रोमिर्सेनॉल हे कृत्रिम सुगंधद्रव्य ठळकपणे जाणवते. लिंबाची साल आणि लॅव्हेंडर यांच्या मधला, किंचित धातूसारखा असा त्याचा वास असतो, आणि कपडे धुण्याच्या पावडरींतही ते सर्रास वापरले जात असल्यामुळे आपल्याला तो ‘स्वच्छ’ वाटतो.

फरक कळतो तो पहिली पंधरा-वीस मिनिटे उलटल्यावर. ट्वीडमध्ये व्हायोलेटच्या पानांचा हिरवा, नुकत्याच कापलेल्या गवताची आणि काकडीच्या सालीची आठवण करून देणारा वास वर येतो, त्यामागून आयरिसचा पावडरसारखा मऊपणा येतो, आणि संध्याकाळी शर्टाच्या कॉलरवर अंबरग्रीसच्या (देवमाशापासून मिळणाऱ्या सुगंधी पदार्थाच्या) धाटणीची खारट ऊब उरते. कूल वॉटरमध्ये पुदिना आणि लॅव्हेंडर पुढे असतात. त्याचा शेवट माझ्या त्वचेवर तीन-चार तासांत साबणासारखा सपाट होतो. ट्वीडच्या एका बाटलीच्या पैशांत कूल वॉटरच्या सात-आठ तरी येतात, आणि ती जादा रक्कम आपण मुख्यतः या हिरव्या मधल्या टप्प्यासाठी मोजतो.

पण मे महिन्यातल्या लोकलच्या गर्दीत तो टप्पा कोणाला जाणवणार? उष्णतेने हलके रेणू भराभर उडून जातात आणि घाम उरलेले धुऊन नेतो. अशा हवेत दुपारी पुन्हा दोन फवारे मारता येतील असे स्वस्त परफ्यूमच अधिक उपयोगी पडते. (निव्वळ गारवाच हवा असेल, तर वाळ्याच्या अत्तराचा एक थेंब या दोघांनाही भारी पडतो, पण तो विषय निराळा.) ट्वीड मी संध्याकाळच्या समारंभांसाठी राखून ठेवले आहे.

तरीही मोठा खर्च करण्याआधी ट्वीडची पाच मिलिलिटरची कुपी मिळवावी आणि एका मनगटावर हे, दुसऱ्यावर ते, असे लावून दिवसभर बाहेर हिंडावे. दुकानाच्या वातानुकूलित हवेत कागदी पट्टी हुंगून निर्णय घेऊ नये, कारण तिथे पहिल्या पाच मिनिटांत दोन्ही जवळजवळ एकच भासतात.