गोळेश्वरला सायकलने पंधरा मिनिटं

अगं, तुझा मेसेज वाचला, सर तुमचा काळ भारी होता, सचिन होता, आमच्या नशिबात नुसती रील्स. हसलो आधी, मग जरा रागच आला. आता निवांत लिहितोय, तू पण निवांत वाच.

मी कराडचा. गोळेश्वर आमच्या घरापासून सायकलने पंधरा मिनिटं. तिथले खाशाबा जाधव, 1952 ला हेलसिंकीत कुस्तीचं ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक मेडल. त्यांना पाठवायला पैसे नव्हते तर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्रिन्सिपॉलनी स्वतःचं घर गहाण ठेवलं, बघ म्हणजे. परत आले तेव्हा बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक म्हातारा सांगायचा आणि आम्ही हो हो करून क्रिकेट खेळायला पळायचो. कधीतरी जाऊ की भेटायला, गावातच तर आहेत. ऑगस्ट 1984 मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेले. मी नववीत होतो. पंधरा मिनिटांची सायकल, मी एकदाही मारली नाही. महाराष्ट्राला पुढचं वैयक्तिक मेडल मिळायला 72 वर्षं लागली, पॅरिसला स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत ब्राँझ आणलं तेव्हा टीव्हीसमोर मला गोळेश्वरच आठवत होतं.

आता तुझ्या काळाचं बोलू. तू स्वतः पळतेस आणि अविनाश साबळेची बर्मिंगहॅमची रेस पूर्ण बघितली नाहीस, हे मला पटतच नाही. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा पोरगा, बारावी करून आर्मीत गेला, सियाचीनला ड्युटी केली, रेसिंग त्यानंतर सुरू झालं. स्टीपलचेस म्हणजे 3000 मीटर, 28 अडथळे आणि वर 7 वॉटर जंप, म्हणजे कठडा आणि त्याच्यापलीकडे पाण्याचा खड्डा, आणि ते अडथळे हर्डल्ससारखे पाय लागला की पडत नाहीत, पडतोस तो तूच. कॉमनवेल्थमध्ये 1998 पासून 2018 पर्यंत दर वेळी तिन्ही मेडल केनियाची, दुसऱ्या कुणाला ब्राँझसुद्धा नाही. 2022 ला बर्मिंगहॅमला हा त्यांच्यात घुसला, 8 मिनिटं 11.20 सेकंद, सिल्व्हर. गोल्ड गेलं 0.05 सेकंदाने! तू स्टॉपवॉचचं बटण दाबतेस ना, त्याच्यातच एवढा वेळ जातो. नंतर 2024 मध्ये पॅरिसला डायमंड लीग या मोठ्या स्पर्धेत त्याहून कमी, 8:09.91.

आणि हे कायम नसतं गं. 2025 च्या जुलैत मोनाकोला वॉटर जंपवर पडला आणि गुडघा गेला. म्हणून सांगतो, पळतोय तोवर बघ.

नीरजचा भाला, बुमराहचा स्पेल, नागपूरच्या दिव्या देशमुखचं चेस, सगळं तुझ्याच वेळचं आहे. सांगलीची स्मृती मानधना 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत वर्ल्ड कप जिंकलेल्या टीममध्ये होती, आणि तू त्या रात्री काय केलंस तर ग्रुपवर सचिन मोठा की विराट यावर भांडत होतीस, मी वाचत होतो सगळं. (मी पण दोन मेसेज टाकले होते, ते सोड. सचिनच.) भांडायला माझी ना नाही, पण मॅच संपल्यावर भांडा की.

रीलमध्ये फक्त शेवटची उडी दिसते. आधीची सात मिनिटं अविनाश कुणाच्या मागे लपून पळाला, केनियावाल्यांनी स्पीड वाढवली तेव्हा याने किती गॅप सोडला, खांदे कधी आखडले, हे पूर्ण रेस बघितल्याशिवाय कळत नाही, आणि तुला 1500 मध्ये तेच कामाला येणारे. तुझा तिसरा लॅप दर वेळी ढेपाळतो, माहितीये ना?

तर बर्मिंगहॅमची रेस काढ, आवाज बंद करून पहिल्यापासून बघ, पुढे ढकलायची नाही. रविवारी ग्राउंडवर आलीस की वॉर्मअपच्या आधी मला सांग, शेवटच्या वॉटर जंपला अविनाशने कठड्यावर पाय ठेवला का तसाच वरून गेला. ठेवला असेल तर कुठला.