‘मी करणार’ म्हणणाऱ्या मुलाला काय द्यायचं?

प्रश्न : मुलगा तीन वर्षांचा आहे. प्रत्येक गोष्टीत ‘मी करणार’ म्हणून हटून बसतो. लालबागला आमची चाळीतली एक खोली, त्यात मॉन्टेसरीचं साहित्य कुठे मांडायचं? आणि पाणी ओतायला दिलं की अर्धं जमिनीवर.

उत्तर : मॉन्टेसरी म्हणजे मुलाने स्वतःच्या हाताने काम करत शिकायचं. त्यासाठी साहित्य विकत आणूच नका. त्याला ओतायचंय, पुसायचंय, बटण लावायचंय आणि त्यासाठी लागणारं सगळं घरात आहे. ते त्याच्या मापाचं असावं आणि न मागता त्याच्या हाताला यावं, एवढंच पाहायचं. मांडणीचा सर्वांत खालचा कप्पा रिकामा करून त्याला द्या. तिथे एका वेळी चार-पाच कामंच, प्रत्येक वेगळ्या ताटात मांडून ठेवायची. वीस वस्तू ठेवल्या की मूल काम करत नाही, नुसता उपसा करतं.

आता पाण्याचं. सांडण्याचं कारण बहुतेक वेळा मुलात नसतं, भांड्यात असतं. तांब्याला चोच नसते, त्यामुळे पाणी काठावर पसरतं आणि बाहेरच्या अंगाने ओघळतं. स्टीलचा मोठा जग भरला की त्याच्या मनगटाला पेलत नाही. कान आणि चोच असलेले दोन सारखे छोटे जग घ्या, २०० मिलीच्या आसपासचे. सुरुवात तांदळाने करा. एका जगात निम्म्यापर्यंत तांदूळ, दोन्ही जग परातीत, परात पाटावर. मूल नाकात दाणे घालत असेल, तर हे काम तुम्ही शेजारी असतानाच काढायचं.

आधी तुम्ही करून दाखवा, अगदी सावकाश आणि तोंडातून शब्द न काढता. बोलत राहिलात तर मूल तुमच्या तोंडाकडे बघतं, हाताकडे नाही. एका हाताने कान धरायचा, दुसऱ्या हाताची दोन बोटं चोचीखाली आधाराला. चोच दुसऱ्या जगाच्या बरोबर मध्यावर आणायची, जग कलता करायचा, शेवटचा दाणा पडेपर्यंत थांबायचं आणि मगच सरळ करायचा. हे थांबणं मुलांकडून हमखास सुटतं, म्हणून तिथे मुद्दाम रेंगाळा. तांदूळ परातीत पडेनासे झाले की पाणी द्या, पण जग एक तृतीयांशच भरा. सोबत हातरुमालाच्या निम्म्या आकाराचं फडकं ठेवा. मोठं फडकं मुलाला पिळता येत नाही, मग पुसताना पाणी आणखी पसरतं.

ओतणं चालू असताना ‘सांडेल हं’ म्हणू नका. तो मान वर करून तुमच्याकडे बघतो आणि नेमकं तेव्हाच सांडतं.

प्रश्न : आम्ही दोघं नोकरी करतो, मुलुंडहून सकाळची लोकल गाठायची असते. साडेतीन वर्षांची मुलगी कपडे घालायला पंधरा-वीस मिनिटं घेते, म्हणून सासूबाईच तिला कपडे घालतात, भरवतातही.

उत्तर : सकाळी सासूबाईंना घालू द्या. घाईत शिकवलेलं टिकत नाही. शिकण्याची वेळ संध्याकाळची ठेवा, आणि एका आठवड्यात एकच गोष्ट. घरात सोपी वाटणी अशी : आजीने सगळं करायचं, शेवटची पायरी मुलीची. चेन आजीने लावून अर्धी वर आणायची, उरलेली मुलीने ओढायची. पुढच्या आठवड्यात तिचा वाटा वाढवायचा. यात आजीचं कामही हिरावलं जात नाही.

पुढून उघडणारा फ्रॉक किंवा शर्ट जमिनीवर पसरायचा, आतली बाजू वर आणि कॉलर मुलीच्या पायांकडे. दोन्ही हात बाह्यांत घालून शर्ट डोक्यावरून मागे टाकायचा की तो आपोआप अंगावर बसतो. बटणं खालून वर लावायची, कारण गळ्याजवळचं बटण तिला दिसतच नाही. भरवण्याच्या बाबतीत आमटी-भात आधी जरा घट्ट कालवून द्या. पातळ असेल तर घास बोटांतून निसटतो आणि आजी लगेच हात पुढे करते.

प्रश्न : अंधेरीत घराजवळच्या तीन बालवाड्यांवर ‘मॉन्टेसरी’ची पाटी आहे. खरी कशी ओळखायची?

उत्तर : हे नाव कुणीही लावू शकतं. वर्ग चालू असताना अर्धा तास मागे बसू द्या, असं सांगा. तीन ते सहा वर्षांची मुलं एकत्र आहेत का? प्रत्येक साहित्य एकेकच आहे का? सगळ्यांनी एकाच वेळी एकच चित्र रंगवायचं असेल, तर पाटी विसरा. मॉन्टेसरीच्या साहित्यात दट्ट्यांचा लाकडी ठोकळा असतो. त्यात वेगवेगळ्या मापांच्या दहा खाचा आणि त्यांत बसणारे दहा दट्टे असतात. एक जरी चुकीच्या खाचेत गेला, तरी शेवटी एखादा दट्ट्या कुठेच बसत नाही, आणि मूल स्वतःच मागे जाऊन चूक शोधतं. त्या क्षणी बाई गप्प राहतात की ‘असं नाही, असं’ म्हणत हात घालतात, ते नीट पाहा. आमच्या मते शाळा निवडायला एवढं एक पुरे.

प्रश्न : हे सगळं परदेशी आणि पैसेवाल्यांचं, असं आमच्या चाळीत म्हणतात.

उत्तर : ही पद्धत काढणाऱ्या मारिया मॉन्टेसरींचं पहिलं बालघर ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या कामगारवस्तीत, भाड्याच्या इमारतीत सुरू झालं. आईवडील कामावर, मुलं जिन्यांत मोकाट, अशी तिथली स्थिती होती. आपल्याकडे मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या आणि १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डी गावी गेल्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येत नाहीत, हे पाहून त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली.

चाळीची गॅलरी म्हणजे अंगणच. चार घरांनी मिळून दुपारी एक तास ठरवा. प्रत्येक मुलाला एक आसन. ते त्यानेच पसरायचं, त्यानेच गुंडाळायचं. दुसऱ्याच्या आसनावरून चालायचं नाही, कडेने जायचं. मुलांची तोंडं भिंतीकडे ठेवा, म्हणजे वस्तू कठड्याच्या गजांतून खाली जाणार नाहीत, आणि खालून कुणी हाक मारली तरी काम मोडणार नाही.