गळ माळ्यावर गेला म्हणजे डिप्रेशन आलं का?

हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. आमच्या बाबांना आधी अमुक गोष्टीचं वेड होतं, आता नावपण काढत नाहीत, डिप्रेशन असेल का हो मॅडम?

सांगलीतले एक काका, साठी ओलांडलेले (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). मुलाने जवळजवळ धरूनच आणलेलं. तीस-पस्तीस वर्षं दर रविवारी पहाटे हरिपूरला संगमावर, कृष्णा-वारणा मिळतात तिथे, गळ टाकून बसणारा माणूस, आणि वर्षभर झालं काठ्या माळ्यावर. मुलाने नेटवर वाचलेलं की आवडत्या गोष्टीत रस न राहणं हे डिप्रेशनचं लक्षण आहे. वाचलं ते बरोबरच, पण अर्धं.

मी आधी नेहमीचंच विचारलं. झोप, भूक, थकवा, दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस मन उदास आहे का, आपण कुणाच्या कामाचे नाही असं वाटतं का, मरणाचे विचार येतात का. काका म्हणाले, "पाचला उठतोय, नातवाला शाळेत सोडतोय, भडंग खातोय, सोमवारी भजनाला जातोय, आता अजून काय करू?" म्हणजे दिवा एकाच खोलीतला गेलेला, अख्ख्या घरातला नाही. घरभर अंधार असता तर मी त्यांना सायकॅट्रिस्टकडे पाठवलं असतं, थायरॉइडपण तपासायला सांगितलं असतं.

मग त्या एका खोलीत काय झालं ते विचारलं, तर बराच वेळ गप्प.

पावसाच्या सुरुवातीला ओढ्याच्या कडेला त्यांना पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका दिसला. मरळीची पिल्लं. मरळ आपली पिल्लं राखत खालीच असते हे गळवाल्यांना पक्कं ठाऊक असतं, आणि अशा वेळी ती भुकेने नाही तर रागाने गळावर येते. काकांनी बेडूक लावून टाकला, आली, दोन किलोच्या वर भरली असेल. "आणि मॅडम, ती पिल्लं तिथंच गोल गोल फिरत राहिली. मग दुसरं मासं आलं." पुढे बोलले नाहीत. हे त्यांनी आयुष्यात बऱ्याचदा केलेलं, त्या दिवशीच का लागलं ते त्यांनाही सांगता येईना आणि खरं सांगू तर मलाही नाही.

पण त्यांचा खरा त्रास वेगळाच निघाला. गळ त्यांना वडिलांनी शिकवलेला. आता गळ नको वाटतो म्हणजे वडिलांसोबतच्या त्या पहाटापण नको म्हणायच्या का, इथे ते अडकलेले. मी म्हटलं, काका, पहाटा राहू द्या की, नुसता गळ नको म्हणा.

पुढच्या वेळी एक पत्र्याचा डबा घेऊन आले. आत गंजलेले गळ, तंगूसाचं रीळ, मोरपिसाच्या दांडीचं तरंगणारं बोंडूक, वडिलांच्या हातचं. तंगूसाला गाठ कशी मारायची, ओढ लागली की ती कशी आवळते, हे मला दोनदा करून दाखवलं, बाहेर पुढची पेशंट ताटकळत बसलेली आणि मी आपली गाठ शिकतेय.

जाताना म्हणाले, "पोराला तेवढं तुम्हीच सांगा, नवी काठी ऑनलाइन मागवलीय त्यानं, माझं काय ऐकत नाही."