रिपोर्ट निगेटिव्ह, मग हा असा का दिसतो?

हल्ली हा प्रश्न सारखा कानावर येतो. कधी आई विचारते, कधी बायको, कधी मोठा भाऊ. व्यसनमुक्ती केंद्रातून माणूस घरी आलेला असतो, लघवीची चाचणी वेळच्या वेळी होत असते, तिच्यात काही सापडत नाही. तरी डोळे तारवटलेले, बोलणं तुटक, मध्येच घाम. मग घरचे हळूच विचारतात, "मॅडम, खोटं कोण बोलतंय? हा की रिपोर्ट?"

रिपोर्ट खोटं बोलत नाही. त्याला जेवढं विचारलंय तेवढंच तो सांगतो. गांजाची चाचणी-पट्टी टीएचसी, म्हणजे गांजातलं नशा आणणारं रसायन, शोधते. 'स्पाइस' किंवा 'के-टू' या नावांनी फिरणारी सिंथेटिक कॅनाबिनॉइड्स ही गांजासारखी नशा देणारी, पण कृत्रिमरीत्या बनवलेली वेगळीच रसायनं आहेत, ती या पट्टीला दिसत नाहीत. त्यामुळे "शपथ, गांजाला हात लावला नाही" हे मुलाचं म्हणणंही शब्दशः खरं असू शकतं.

अशाच एका घराची ही गोष्ट, ओळखीच्या खुणा बदलून. आई दर आठवड्याला चाचणी करायची. पट्ट्या तारखा घालून एका डब्यात ठेवलेल्या. तो डबाच तिने माझ्यासमोर उघडला. "बघा ना, प्रत्येकीवर दोन रेघा. म्हणजे काही नाही ना?" दोन रेघा म्हणजे निगेटिव्ह, हे तिला माझ्याइतकंच पाठ होतं. तिला हवा होता तो धीर, आणि तो पट्टीकडून मिळत नव्हता.

मुलाशी एकट्याशी बोलणं बरेच दिवस वरवरचंच चाललं. "सगळं ठीक आहे" याच्यापुढे गाडी जाईना. एकदा मी पदार्थाचा विषयच बाजूला ठेवला.

"आईला तुझ्याकडून काय हवंय?"

"दोन रेघा." तो हसला.

"आणि तुला?"

बराच वेळ तो नखं खरवडत राहिला. मी प्रश्न पुन्हा विचारला नाही. एवढ्या वर्षांत एक नक्की शिकले आहे, अशा वेळी समोरच्याला वाचवायला धावायचं नाही.

"झोप," तो म्हणाला. "गांजा सोडल्यापासून रात्र सरत नाही. एकाने सांगितलं, हे घे, टेस्टमध्ये येत नाही." मग थांबून, "गांजा कळायचा, मॅडम. ह्याचं काही कळत नाही. कधी काहीच होत नाही, कधी दोन झुरक्यांत आडवा. एकदा फिट आली. घरी कसं सांगणार? दोन रेघा आल्या होत्या ना!"

मला वाटतं, खरं काम इथून सुरू झालं. व्यसन हे कशावरचं तरी औषध असतं, असं मी मानते. चुकीचं, महागात पडणारं, पण औषध. ते कशावर चाललंय हे न विचारता नुसतं काढून घेतलं, की माणूस दुसरं शोधतो. आणि घर ज्या गोष्टीची मोजदाद करतं, तेवढीच गोष्ट तो घराला आणून देतो. इथे त्याने रेघा आणून दिल्या.

हे नवे पदार्थ जुन्यांचे 'हलके' भाऊ आहेत हा समज आधी काढून टाका. वाळलेल्या पाल्यावर रसायन फवारलेलं असतं, ते सगळीकडे सारखं बसत नाही. म्हणून एकाच पुडीतला एक झुरका फिका आणि पुढचा जीवघेणा. यातली अनेक रसायनं मेंदूतल्या त्याच जागी टीएचसीपेक्षा कितीतरी जोरात काम करतात. फिट येणं, छातीत धडधड, भ्रम, सततच्या उलट्या, सगळं होऊ शकतं. एकावर बंदी आली की रेणूत थोडा फेरफार करून दुसरं येतं. अशा सगळ्या प्रकारच्या नव्या नशेच्या पदार्थांची मिळून हजाराहून अधिक नोंद संयुक्त राष्ट्रांकडे झाली आहे.

झोपेच्या म्हणून मिळणाऱ्या सुट्या गोळ्यांचा धोका वेगळा. त्यांत ब्रोमाझोलामसारखं, झोपेच्या औषधांच्याच जातीचं पण बेकायदा बनवलेलं काही निघू शकतं, आणि रोज घेणाऱ्याने त्या एका झटक्यात बंद केल्या तर फिट येऊ शकते. म्हणून घरच्यांनी गोळ्या सापडताच फेकून देऊ नयेत, डॉक्टरांना दाखवाव्यात. हेरॉइनमधून सुटलेल्यांची तर मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. बंद काळात शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. त्यात पुडीत नायटाझीन, म्हणजे हेरॉइनसारखंच पण फार जहाल कृत्रिम रसायन, असेल, तर जुनी मात्राच श्वास बंद पाडायला पुरते. तिथे नॅलोक्सोन, म्हणजे अशा नशेचा परिणाम उतरवणारं औषध, उपयोगी पडतं, कधीकधी एकाहून जास्त डोस लागतात. स्पाइसवर मात्र त्याचा उपयोग नाही.

माणूस बेशुद्ध असेल, ओठ निळे पडत असतील, फिट येत असेल, तर कुशीवर वळवा आणि लगेच रुग्णवाहिका बोलवा. डॉक्टरांना काय घेतलं, कशासोबत, कधी, जे माहीत असेल ते स्पष्ट सांगा. दारूसोबत घेतलं असेल तर ते आधी सांगा.

त्या घरात चाचणी मी बंद करायला लावली नाही. फक्त एक ठरलं: त्याने स्वतःहून सांगितलं तर त्या रात्री भांडण नाही, बोलणं दुसऱ्या दिवशी. आईला हे फार जड गेलं. "म्हणजे सूटच दिली की!" ती म्हणाली. सूट नव्हे, खरं बोलणं लपवण्यापेक्षा स्वस्त करायचं होतं. झोपेसाठी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. नंतर तो पुन्हा घसरला, पण या वेळी आईला ते पट्टीवरून नाही, त्याच्याकडूनच कळलं. तिने पहिला प्रश्न विचारला, "किती घेतलंस?" दुसरा, "आता कसं वाटतंय?" तिसरा प्रश्न तिने दुसऱ्या दिवसासाठी ठेवला.

आणि ज्यांना खात्री करून घ्यायचीच आहे, त्यांनी घरच्या पट्टीवर विसंबू नये. मोठ्या प्रयोगशाळेतली सविस्तर तपासणी यातले बरेच पदार्थ पकडते. मात्र कशाचा संशय आहे हे तिथे आधी सांगावं लागतं, आणि अगदी नवं रसायन तिलाही चुकवू शकतं.