विंडोज सर्व्हर २००३ वर एकाच शेअर्ड फोल्डरमधल्या काही फाइल्स उघडतात आणि काहींना ॲक्सेस डिनाइड येतं, असं का?

बहुतेक त्या न उघडणाऱ्या फाइल्स त्याच ड्राइव्हवरच्या दुसऱ्या फोल्डरमधून कट-पेस्ट करून आणलेल्या असणार. एनटीएफएसमध्ये (विंडोजची ड्राइव्हवर फाइल्स आणि त्यांच्या परमिशन्स, म्हणजे कोणाला काय करता येईल ते, साठवायची पद्धत) एकाच ड्राइव्हवर फाइल मूव्ह केली की ती जुन्या जागेच्या परमिशन्स सोबत घेऊन येते, कॉपी केली तर मात्र नव्या फोल्डरच्या लागतात, मायक्रोसॉफ्टच्या डॉक्युमेंटेशनमध्येही हेच दिलंय आणि जुन्या ऑफिस सर्व्हरवर मला सगळ्यात जास्त वेळा हेच कारण सापडतं. खात्री करायची तर एक चालणारी आणि एक न चालणारी फाइल घ्या, दोन्हींच्या प्रॉपर्टीजमधला सिक्युरिटी टॅब शेजारी शेजारी उघडा, ग्रुप्सची यादीच वेगळी दिसेल. मग वरच्या फोल्डरच्या परमिशन्स आधी नीट करा, ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन 'रिप्लेस परमिशन एन्ट्रीज ऑन ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट्स' वर टिक करून अप्लाय करा. पण थांबा, आत पगारपत्रकासारखा एखादा मुद्दाम बंद ठेवलेला सबफोल्डर असेल तर त्याचं कुलूपही या टिकने उघडतं, त्यामुळे अशा फोल्डरच्या परमिशन्स आधी लिहून ठेवा आणि नंतर परत लावा, प्लीज हे टाळू नका.

आणि सगळ्याच फाइल्स उघडतात पण सेव्ह होत नाहीत असं असेल तर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंग टॅबमधलं परमिशन्स बटण बघा, २००३ मध्ये नवीन शेअरला एव्हरीवनला फक्त रीड मिळतं आणि शेअरच्या आणि एनटीएफएसच्या परमिशन्सपैकी ज्या कडक त्याच लागू होतात.