‘अनायनी पायसीकारक’ : शब्द आणि अर्थ

त्वचेच्या क्रीमच्या माहितीपत्रकाचे भाषांतर करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, ‘नॉन-आयॉनिक इमल्सिफायर’साठी ‘अनायनी पायसीकारक’ हा शब्द चालेल का, आणि त्यातून ‘निर्धोक’ असा अर्थ निघतो का. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर होकारार्थी आहे, दुसऱ्याचे नकारार्थी.

‘पायस’ म्हटले की दशरथाच्या यज्ञातली खीर आठवते. परंतु विज्ञानाच्या परिभाषेत, एकमेकांत न विरघळणाऱ्या दोन द्रवांपैकी एकाचे सूक्ष्म थेंब दुसऱ्यात विखुरलेले असले की त्या मिश्रणाला पायस म्हणतात. संस्कृत ‘पयस्’ म्हणजे दूध, आणि ‘इमल्शन’च्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थही ‘दूध काढणे’ असाच आहे, त्यामुळे हा प्रतिशब्द मला अतिशय समर्पक वाटतो. पेलाभर पाण्यात चमचाभर तेल ढवळले तर ते लगेच वर येते. त्यातच पॉलिसॉर्बेट 80 या अनायनी पायसीकारकाचे, म्हणजे पायस घडवून टिकवणाऱ्या द्रव्याचे, काही थेंब टाकून पुन्हा घुसळले की पाणी दुधासारखे पांढरे होते आणि शब्दाची व्युत्पत्ती डोळ्यांना दिसते.

‘आयन’ हा शब्द ग्रीकमधला, 1834 साली मायकेल फॅरेडे यांनी रूढ केलेला. त्याचा अर्थ ‘जाणारा’, आणि विज्ञानात विद्युतभार असलेल्या अणूला किंवा रेणूला आयन म्हणतात. ‘उत्तरायणा’तल्या ‘अयना’शी त्याचे धातूपासूनचे नाते आहे. साबण पाण्यात विरघळला की त्याचे ऋणभारित आयन होतात, अनायनी द्रव्यांचे होत नाहीत. पॉलिसॉर्बेटसारख्या रेणूचे एक टोक तेलात रुतते आणि दुसऱ्या टोकाच्या ऑक्सिजनयुक्त साखळ्या पाण्याच्या रेणूंना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात. या साखळ्यांचे आवरण थेंबाभोवती बसल्यामुळे शेजारचे दोन थेंब सहजासहजी एकजीव होत नाहीत. अनायनी द्रव्यांच्या अंगावर विद्युतभार नसल्यामुळे विहिरीच्या कठीण पाण्यातही त्यांचा साबणासारखा साका होत नाही.

याच कारणाने सोडियम लॉरिल सल्फेटसारख्या ऋणभारित द्रव्यांपेक्षा ती त्वचेतील प्रथिनांना कमी चिकटतात आणि सहसा सौम्य ठरतात. तरीही ‘अन्’ हा उपसर्ग केवळ विद्युतभार नाकारतो. ‘नैसर्गिक’ किंवा ‘निर्धोक’ असे काहीही तो सांगत नाही. एथिलीन ऑक्साइड वापरून अशा साखळ्या जोडताना 1,4-डायॉक्सेनचा अंश मागे राहू शकतो, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला ‘मानवात कर्करोगास कारणीभूत होण्याची शक्यता असलेल्या’ 2बी गटात ठेवले आहे. निर्वात प्रक्रियेने तो बराचसा काढून टाकता येतो. पण तो घटक म्हणून घातलेला नसून उपउत्पादन असल्याने वेष्टनावरच्या यादीत दिसत नाही. ग्लिसरिल स्टिअरेटही अनायनीच, मात्र ते बनवताना एथिलीन ऑक्साइड लागत नसल्याने तिथे हा प्रश्न उद्भवत नाही. म्हणून माहितीपत्रकात ‘अनायनी पायसीकारक’ निःशंक लिहावे, आणि ‘सौम्य’ हे विशेषण मात्र ते संपूर्ण क्रीम त्वचेवर तपासलेले असेल तरच जोडावे.